रिमोट मुख्याध्यापकांच्या कपाटात आहे

प्रशिक्षणाचं पत्र शनिवारी दुपारी निघतं आणि प्रशिक्षण सोमवारी सकाळी असतं. मधल्या रविवारी ते केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येतं, तेही टेबलावर ठेवून आडव्या मोबाइलने काढलेला फोटो म्हणून. त्यामुळे तालुक्यातले सगळे शिक्षक ते मान वाकडी करून वाचतात. विषय असतो ‘अध्ययन-अध्यापनात तंत्रज्ञानाचा प्रभावी वापर’. खाली ठळक अक्षरांत ‘अतितातडीचे’. त्याखाली ‘विनापरवानगी गैरहजर राहिल्यास नियमानुसार कारवाई करण्यात येईल’. आणि सर्वांत शेवटी पेनाने वाढवलेली ओळ : येताना स्वतःचा लॅपटॉप, एक्स्टेन्शन बोर्ड व जेवणाचा डबा आणावा. यातला डबा सगळे आणतात.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतला प्राथमिक शिक्षक. नोकरीला लागलो तेव्हा खिशात खडू असायचा. आता खडू आहेच, शिवाय पासवर्डांची एक वही आहे. या दोन वस्तूंच्या मधल्या काळात मला तंत्रज्ञान शिकवण्याचे जे अखंड प्रयत्न झाले, त्यांच्याबद्दल चार शब्द लिहावेत असं बरेच दिवस मनात होतं. वेळ मिळत नव्हता. माहिती भरायची होती.

प्रशिक्षणाचा पहिला तास केबलचा. सुलभकांचा, म्हणजे प्रशिक्षण देणाऱ्या शिक्षकांचा, लॅपटॉप नवा, त्याला एचडीएमआय लागते. प्रोजेक्टर जुना, त्याला निळ्या डोक्याची व्हीजीए. दोन्हींना जोडणारा तुकडा ज्यांच्या कपाटात आहे ते साहेब दुसऱ्या मीटिंगला गेलेले. मग सभेतून सूचना सुरू होतात. ‘सर, एफएन दाबून एफ फाइव्ह दाबा.’ ‘बंद करून चालू करा.’ ‘पिन काढून फुंकर मारा.’ अखेर भिंतीवर उजेड पडतो आणि सुलभकांचा डेस्कटॉप दिसतो. मागे मुलीचा वाढदिवस, पुढे ‘बदली अर्ज फायनल’, ‘बदली अर्ज फायनल २’ आणि ‘बदली अर्ज खरा फायनल’. त्या क्षणी सभागृहाला सुलभकांबद्दल जी आपुलकी वाटते, तेवढी पुढे दिवसभरात वाटत नाही.

मग पीपीटी. पहिली स्लाइड सांगते की विद्यार्थ्याला निष्क्रिय श्रोता बनवू नये. सुलभक ती वाचून दाखवतात, आम्ही ऐकतो. दुसरी सांगते की स्लाइडवर मजकूर कमी असावा. तिच्यावर पाय ठेवायला जागा नसते. तिसऱ्या स्लाइडवर एकमेकांत गुंतलेली तीन वर्तुळं असतात : विषयाचं ज्ञान, शिकवण्याचं ज्ञान, तंत्रज्ञानाचं ज्ञान. ही वर्तुळं २००६ साली अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठात पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर या दोन प्राध्यापकांनी मांडली. त्यांचं म्हणणं साधं आणि शहाणपणाचं आहे : नुसतं यंत्र येऊन भागत नाही, हा धडा या मुलांना शिकवताना हे यंत्र कुठे कामाला येतं हे कळलं पाहिजे, तिन्ही वर्तुळं जिथे एकमेकांवर येतात तिथे खरा शिक्षक उभा असतो. सुलभक त्या जागेवर लेझरचा लाल ठिपका नेतात आणि नेमका चहा येतो. चहानंतर वर्तुळांकडे पुन्हा कुणी वळत नाही, कारण पुढची स्लाइड अ‍ॅप डाउनलोड कसं करावं याची असते आणि ती दुपारपर्यंत पुरते.

सुलभकांना बोल लावण्यात अर्थ नाही. ते आमच्यातलेच, परवापर्यंत मागच्या रांगेत बसणारे. पुण्यात राज्यपातळीवर तज्ज्ञ बोलतात, तिथून ते ज्ञान जिल्ह्याच्या प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे डाएटमध्ये, येतं, तिथून तालुक्याच्या गटसाधन केंद्रात, तिथून केंद्राच्या शिक्षण परिषदेत. गावजेवणात शेवटच्या पंगतीपर्यंत वरणाचं जे होतं तेच इथे होतं. वाढणारा आग्रह करतो, रंग पिवळाच असतो, पण डाळ वरच्या पंगतीला संपलेली असते.

आणि शाळेत यंत्र आणण्याच्या या पंगती काही आजच्या नाहीत. सिनेमाच्या यंत्रावर काम करणाऱ्या एडिसनने १९१३ सालीच सांगून टाकलं होतं की शाळांतून पुस्तकं लवकरच जातील, सगळं सिनेमाने शिकवता येईल. शंभरावर वर्षं झाली. आमची मागणी आजही पुस्तकं जूनमध्ये यावीत एवढीच आहे. आपल्याकडे १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारने ‘क्लास’ नावाचा प्रकल्प काढून निवडक शाळांना ‘बीबीसी मायक्रो’ हे विलायती संगणक दिले. पुढे जिथे जिथे संगणक गेला तिथे त्याच्यासाठी स्वतंत्र खोली, पडदे आणि दारात चपला काढायची शिस्त आली. त्या पिढीतल्या कित्येक मुलांना संगणकाविषयी जन्मभर लक्षात राहिलेली गोष्ट एकच : आत जाताना पाय धुऊन जायचं. १९८४ मध्येच पुण्यात बालचित्रवाणी सुरू झाली. दूरदर्शनवर मुलांसाठी मराठीतून शैक्षणिक कार्यक्रम करणारी ही संस्था. चांगले कार्यक्रम करायची. २०१७ मध्ये ती बंद करण्यात आली, म्हणजे गावोगाव शाळांच्या भिंतींवर ‘डिजिटल शाळा’ अशी अक्षरं रंगवली जात होती, त्याच सुमारास.

ती अक्षरं रंगवण्यामागे एक खरी लाट होती, ते मात्र नाकारून चालणार नाही. जून २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय निघाला आणि शिक्षक गावात लोकवर्गणी मागत फिरले. कुणी बैल विकून आलेल्या पैशातून हजार दिले, कुणी मुंबईत नोकरी करणाऱ्या भावाला फोन लावून दिला. शाळेत टीव्ही आला. नारळ फुटला, हळदकुंकू वाहिलं, सरपंचांनी रिमोटचं बटण दाबलं, टाळ्या पडल्या, फोटो निघाला. मग टीव्हीवर क्रोशाचा रुमाल पडला.

आता रिमोटचं सांगतो. रिमोट मुख्याध्यापकांच्या कपाटात असतो. कपाटाची किल्ली मोटारसायकलच्या किल्लीच्या जुडग्यात, आणि मोटारसायकल तालुक्याला गेलेली. याला कुणी आडमुठेपणा म्हणेल, पण मुख्याध्यापकांच्या खुर्चीत बसून पाहा. टीव्ही डेडस्टॉक रजिस्टरला चढलेला असतो. उद्या तो बिघडला किंवा चोरीला गेला तर उत्तर त्यांनी द्यायचं, कदाचित पैसेही त्यांनीच भरायचे. तो वर्षभर लागला नाही, तर मात्र कुणी काही विचारत नाही. वापरलेली वस्तू बिघडते, झाकलेली टिकते. तपासणीला आलेले साहेब रजिस्टरची नोंद आणि वस्तू ताडून पाहतात, तेव्हा वस्तू चकचकीत असलेली बरी. शिक्षकांना तंत्रज्ञान शिकवण्याचे जेवढे आराखडे आजवर निघाले, त्यांत या जुडग्याचा उल्लेख मी कुठे वाचला नाही.

विजेचंही तेच. बिल सादिलमधून, म्हणजे शाळेच्या किरकोळ खर्चाच्या अनुदानातून, भरायचं, सादिल यायचं तेव्हा येणार, आणि वीजवाल्यांच्या बिलाला तारीख असते. मीटर कापलेल्या शाळेत डिजिटल क्लासरूमचा फलक असणं ही आमच्याकडे विसंगती मानली जात नाही. फलक लोकवर्गणीतून आहे, मीटर शासनाचा.

माणसांना शिकवण्याचा पहिला मोठा हल्ला झाला तो एमएस-सीआयटीचा. महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनने, म्हणजे एमकेसीएलने, २००१ मध्ये हा संगणक साक्षरतेचा अभ्यासक्रम आणला, शासनाने तो कर्मचाऱ्यांना बंधनकारक केला, आणि मुदतीत पास न झालेल्यांच्या वेतनवाढी अडकल्या. वेतनवाढ अडकते म्हटल्यावर शिक्षणाची गोडी कशी लागते ते तेव्हा पाहावं. पन्नाशीचे गुरुजी आपल्याच माजी विद्यार्थ्याच्या क्लासमध्ये संध्याकाळी माउस हातात धरून बसायचे आणि तो म्हणायचा, ‘गुरुजी, डबल क्लिक म्हणजे लागोपाठ. मधे थांबायचं नाही.’ या विद्यार्थ्याला एके काळी गुरुजींनी पाढे म्हणताना मधे थांबला म्हणून धपाटा घातलेला होता. गुरुजी पेंटमध्ये दोन डोंगर काढायचे, मधे सूर्य, खाली झोपडी, झोपडीपुढे नदी. वर्षानुवर्षं फळ्यावर तेच चित्र निघत होतं, आता ते प्रिंट होऊ लागलं. परीक्षा झाली, प्रमाणपत्र सेवापुस्तकाला लागलं आणि माउसला रामराम ठोकला गेला.

फाँटची एक गंमत मात्र त्या काळाने मागे ठेवली. घटक चाचणीची प्रश्नपत्रिका ‘शिवाजी’त टाइप केलेली असायची. केंद्रशाळेच्या संगणकात तो फाँट नसायचा. तिथे ती उघडली की ‘रिकाम्या जागा भरा’च्या ठिकाणी इंग्रजी अक्षरं, डॉलरची चिन्हं आणि कंस यांचा बाजार भरलेला. एका शाळेतल्या बाईंनी ती तशीच प्रिंट काढून मुलांना दिली होती अशी आख्यायिका आमच्या तालुक्यात आहे, आणि दोन मुलं पास झाली अशी तिची पुरवणी आहे. युनिकोडने ही करमणूक संपवली.

मग आले तंत्रस्नेही शिक्षक. हा माणूस जवळून पाहण्यालायक आहे. प्रत्येक केंद्रात एक असतो. वय पस्तिशीच्या आसपास, खांद्याला सॅक, सॅकमध्ये दोन चार्जर आणि एक डोंगल. याला खरोखर आवड असते. सुरुवातीला त्याने आपल्या चौथीच्या मुलांसाठी दोन छान व्हिडिओ केले, गावच्या ओढ्याचा नकाशा मोबाइलवर दाखवला, मुलं हरखली. ही वार्ता केंद्रप्रमुखांपर्यंत गेली. केंद्रप्रमुख भेटीला आले, पाठ थोपटली आणि म्हणाले, ‘सर, तुम्हाला जमतं. केंद्राची तेवढी माहिती ऑनलाइन भरून द्या.’

तिथून त्याचा अध्यापनाशी संबंध सुटत गेला. आधी केंद्राची माहिती, मग बीटची, मग तालुक्याच्या ऑफिसात ‘दोन दिवसांसाठी’ बोलावणं. पटसंख्या, आधार पडताळणी, पोषण आहाराचे आकडे, स्वच्छतागृहाचे फोटो, मुलांच्या उंची-वजनाच्या नोंदी, सगळं त्याच्या बोटांखालून जातं. शेजारच्या शाळांचे लॉगिन त्याच्या वहीत असतात, आणि सगळ्यांचा पासवर्ड शाळेच्या नावापुढे १२३ असल्यामुळे वहीचीही गरज नसते. रात्री साडेदहाला त्याचा फोन वाजतो.

‘सर, झोपला नाही ना?’

‘नाही, बोला गुरुजी.’

‘ओटीपी आलाय. सांगू?’

‘गुरुजी, मी अजून टाकलेलंच नाही. तुमच्याकडे आलेला कशाचा आहे?’

पलीकडे शांतता. मग गुरुजी चष्मा लावून वाचतात, ‘कर्ज मंजूर झालंय म्हणतोय.’

या सगळ्यात त्याची चौथी कुठे असते? चौथी वर्गात असते. मॉनिटर फळ्यावर पाढे लिहितो आणि बाकीचे उतरवून घेतात. आमच्या केंद्रातला सर्वांत तंत्रस्नेही शिक्षक ज्या वर्गाचा आहे, त्या वर्गाच्या वाट्याला सर्वांत कमी तंत्र आलेलं आहे. हे मी उपहासाने लिहीत नाही, शनिवारी त्या शाळेवरून जाताना मुलं काय करत होती ते पाहून लिहितोय. नेतृत्व करणारा शिक्षक घडवायचा म्हणून ज्याला निवडलं, त्याचा बिनपगारी ऑपरेटर झाला. वर्षअखेरीस त्याला प्रशस्तिपत्र मिळतं. ते त्यानेच डिझाइन केलेलं असतं.

पुरावा ही आमच्या तंत्रज्ञानाची मूळ प्रेरणा आहे. नोव्हेंबर २०१६ मध्ये शासनाचा एक निर्णय निघाला : जानेवारीपासून दर सोमवारी शिक्षकाने दहा-दहा विद्यार्थ्यांच्या गटाबरोबर सेल्फी काढायचा आणि तो विद्यार्थ्यांच्या माहितीच्या ‘सरल’ या ऑनलाइन प्रणालीवर चढवायचा. हेतू मुलांची गळती थांबवण्याचा होता. आता जे मूल शाळेत येतच नाही ते सेल्फीत कसं येणार, आणि जे सेल्फीत आहे त्याच्या गळतीची काळजी कशाला, हा प्रश्न पहिलीच्या मुलालाही पडला असता. शिक्षकांनी ओरड केली, आणि अंमल सुरू व्हायच्या सुमारास जानेवारी २०१७ मध्ये त्याला स्थगिती मिळाली. तो सेल्फी गेला, पण फोटो राहिला. झाड लावलं, फोटो. हात धुतले, फोटो. पुस्तक वाचलं, पुस्तक उघडं धरलेला फोटो. आमच्या मुलांना आता सांगावं लागत नाही. गुरुजींनी मोबाइल वर केला की ती आपोआप वाचू लागतात आणि खाली केला की थांबतात.

प्रशिक्षण ऑनलाइन झालं तेव्हा पुरावाही ऑनलाइन झाला. ‘निष्ठा’ हा केंद्र सरकारचा कार्यक्रम ऑगस्ट २०१९ मध्ये सुरू झाला, देशभरातल्या ४२ लाखांच्या आसपास शिक्षकांना आणि शाळाप्रमुखांना प्रशिक्षित करायचं असं त्याचं उद्दिष्ट. पुढच्याच वर्षी तो ‘दीक्षा’ या पोर्टलवर ऑनलाइन आला. त्यातला मजकूर, खरं सांगायचं तर, बरा होता. काही व्हिडिओ तर फारच चांगले होते. ते कुणी पाहिले हा वेगळा प्रश्न. रात्री मोबाइल चार्जिंगला लावायचा, आवाज बंद करायचा, व्हिडिओ सुरू करून झोपायचं. सकाळी मोबाइल आणि प्रशिक्षण दोन्ही शंभर टक्के. प्रश्नावलीची उत्तरं ग्रुपवर तयार : क, ब, ब, ड, अ. कुणी एक प्रामाणिक बाई विचारायच्या, ‘सर, प्रश्न काय होते?’ त्यांना ग्रुपवर कुणी उत्तर द्यायचं नाही. प्रमाणपत्राचा स्क्रीनशॉट टाकायचा, त्यावर अंगठे पडायचे, आणि ज्याचं झालेलं नाही त्याच्या नावाची लाल यादी दुपारी यायची. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असं म्हटलं आहे. झोपेचे तास त्यात धरायचे की कसं, याचा खुलासा केला तर सोय होईल.

याच २०२० मध्ये एक उलटी गोष्टही घडली आणि तिच्याकडे कुणी फारसं पाहिलं नाही. मार्चमध्ये शाळा बंद झाल्या. सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही पाठांची मालिका सुरू झाली, पण त्याच्या आधीच, कुठलंही पत्र नसताना, कुठलाही सुलभक नसताना, माझ्यासमोर निवृत्तीला टेकलेल्या गुरुजींनी गूगल मीट शिकून घेतलं. एमएस-सीआयटीने, संगणक कक्षांनी आणि तंत्रस्नेही मेळाव्यांनी जे साधलं नव्हतं ते आठवडाभरात साधलं. का? तर मुलं दिसत नव्हती म्हणून. गुरुजी आपल्या बारावीतल्या नातीकडून शिकले, नात वैतागली की शेजारच्या शाळेतल्या बाईंना फोन करून शिकले. ‘गुरुजी, तुमचा आवाज येईना’ हे वाक्य ऐकायची चाळीस वर्षांत त्यांच्यावर पहिल्यांदा वेळ आली, तरी ते डगमगले नाहीत. अर्थात निम्म्या घरांत मोबाइल बापाबरोबर शेतात जायचा, तिथे हे सगळं पोचलं नाही. तिथे बाईमाणसं ओसरीवर पाच-पाच मुलं बसवून शिकवत राहिली, त्याचा स्क्रीनशॉट निघत नाही.

पत्राशिवाय घडलेल्या गोष्टींत क्यूआर कोडचंच घ्या. सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यात परितेवाडी नावाची छोटी वस्ती. तिथल्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले या शिक्षकाने पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडून कविता, गोष्टी, व्हिडिओ मुलांच्या हातात दिले. ती कल्पना पुढे बालभारतीच्या पुस्तकांत आली. डिसले सरांना २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला, दहा लाख डॉलरचा, आणि त्यांनी त्यातली निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून टाकली. हे ऐकून आमच्या छात्या फुगल्या. पण त्या फुगलेल्या असतानाच तपासणीला येणारे साहेब म्हणू लागले, ‘ते करू शकतात, तुम्हाला काय झालंय?’ डिसले सरांचा फुलब्राइट शिष्यवृत्तीसाठी परदेशी जायच्या रजेचा अर्ज २०२२ मध्ये किती टेबलांवर अडखळला ते वर्तमानपत्रांनी छापलं, तेव्हा साहेबांनी हा प्रश्न विचारणं काही दिवस थांबवलं होतं.

बाकी क्यूआर कोड गावात पोचला तो वेगळ्या वाटेने. माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या आजोबांनी पुस्तकावरचा चौकोन पाहिला आणि शाळेत येऊन हळू आवाजात विचारलं, ‘गुरुजी, ह्यो कुणाच्या खात्यावर जातो?’ किराणा दुकान, चहाची टपरी आणि देवळातली दानपेटी यांच्यावर तो चौकोन पाहिलेल्या माणसाची शंका अगदी रास्त होती. मी स्कॅन करून नातवाची कविता ऐकवली. आजोबांनी ती दोनदा ऐकली आणि म्हणाले, ‘पैसं न घेता?’

आमच्या शाळेतल्या पहिलीच्या बाई तंत्रस्नेही यादीत नाहीत. त्यांना पीपीटी येत नाही आणि येत नाही म्हणून त्यांचं काही अडत नाही. त्या काय करतात, तर मूल वाचत असताना मोबाइलवर त्याचा आवाज टिपतात आणि लगेच त्यालाच ऐकवतात. बस्स. आपण ‘कमळ’ वाचताना ‘क’वर किती वेळ बसतो हे मूल स्वतःच्या कानाने ऐकतं, खुदकन हसतं आणि म्हणतं, ‘बाई, परत.’ दोन महिन्यांनी त्याच मुलाचा जुना आवाज आणि नवा आवाज बाई त्याच्या आईला ऐकवतात. आई पदर तोंडाला लावते. याला कुठल्या अ‍ॅपमध्ये रकाना नाही. मी बाईंना म्हटलं, ‘हे शिक्षण परिषदेत सांगा की.’ बाई म्हणाल्या, ‘यात सांगण्यासारखं काय आहे? रेकॉर्डिंगचं बटण तर असतं.’ शिक्षण परिषदेत त्या दिवशी गूगल फॉर्म कसा भरावा यावर मार्गदर्शन होतं, त्यामुळे वेळही नव्हता.

सध्या एआय आलं आहे. रोजच्या पाठाचं टाचण लिहिण्याचा जाच ज्याने भोगला आहे त्याला एआय म्हणजे काय वाटलं असेल ते दुसऱ्या पेशातल्या माणसाला कळायचं नाही. ‘तिसरी, मराठी, पाठ सातवा, टाचण दे’ म्हटलं की ते उद्दिष्टं, अध्ययन निष्पत्ती, मूल्यमापन, सगळं सुबक देतं. फक्त त्यात ‘विद्यार्थ्यांना शाळेच्या वाचनालयात नेऊन’ असं असतं आणि आमचं वाचनालय म्हणजे तांदळाच्या पोत्यांमागचं कपाट. तरी टाचण पसंत पडतं. मग भेट अहवाल येतो : ‘शाळेतील शैक्षणिक वातावरण प्रेरणादायी असून शिक्षकांचे नियोजन सर्वसमावेशक आहे.’ आमच्या साहेबांना मी ओळखतो, ‘सर्वसमावेशक’ हा त्यांचा शब्द नव्हे. टाचण यंत्राने लिहिलं, अहवाल यंत्राने लिहिला, आणि एका यंत्राने दुसऱ्याची पाठ थोपटली. मुलं आणि मी या व्यवहारात कुठे नव्हतोच.

तरी एकदा गंमत झाली. गाईवर छोटी गोष्ट हवी होती, ती मी मोबाइलवर मागवली आणि वर्गात वाचून दाखवली. गोष्टीतली गाय हिरव्यागार कुरणात चरायची, रोज चाळीस लिटर दूध द्यायची आणि संध्याकाळी आनंदाने घरी यायची. दुसऱ्या बाकावरचा पोरगा उभा राहिला.

‘गुरुजी, गाय कुठली?’

‘गावातली. का रे?’

‘मग चाळीस कसं देईल? आमची तीन लिटरच्या वर जात नाही, तीपण पेंड घातली तर.’

‘जर्सी असंल,’ मागून एक आवाज.

‘जर्सी कुरणात सोडत्यात व्हय?’ मुलींच्या रांगेतून. ‘आन् फॅट किती लागती?’

वर्ग पेटला. चाळीस लिटर दूध रोज डेअरीवर घातलं तर दहा दिवसांचा पगार किती, हे गणित मुलांनी स्वतःहून मांडलं. पेंडीचा खर्च वजा केला. एकाने डॉक्टरचाही धरला. ज्या पोराला गुणाकार म्हटलं की तहान लागायची, त्याने फळ्यावर येऊन हातचा बरोबर घेतला. शेवटी निकाल असा लागला की मोबाइलला गाईतलं कळत नाही, गोष्ट आपण लिहायची. त्यांनी लिहिली. तिच्यातली गाय अडीच लिटर देते आणि एकदा लाथ मारते.

यंत्र सांगतं ते तपासून घ्यायचं हे मुलांना त्या तासात कळलं, आणि मोबाइल कधी खिशात ठेवावा हे मला. या तासाचा फोटो नाही, लिंक नाही, उपस्थितीपत्रक नाही.

म्हणून वर बसलेल्या साहेबांना एक विनंती. ती ‘अतितातडीची’ नाही, सवडीने वाचली तरी चालेल. वर्षाच्या त्या ५० तासांतले निम्मे तास आम्हाला एकमेकांच्या वर्गात बसायला द्या. पहिलीच्या बाईंकडे तालुक्यातल्या दोन-दोन शिक्षकांना पाठवा, त्यांना मागच्या बाकावर बसू द्या, मुलांबरोबर खिचडी खाऊ द्या, काही अडलं तर तिथेच विचारू द्या. त्या दिवसाचा अहवाल मागू नका. तंत्रस्नेही सरांना तालुक्याच्या ऑफिसातून मोकळं करून त्यांच्या चौथीकडे धाडा. माहिती भरायला एक ऑपरेटर नेमा, खेड्यापाड्यांतून बारावी झालेली पोरं कामाच्या शोधात आहेत. टीव्ही वापरताना बिघडला तर वसुली निघणार नाही असं एक ओळीचं पत्र काढा, सरळ फोटो काढून पाठवा, म्हणजे आम्हाला वाचता येईल. आणि कुठलंही नवं अ‍ॅप यायच्या आधी शाळेचं थकलेलं वीजबिल भरा.